दातवाल्यांचा निळा ठिपका

गल्लीत त्यांना सगळे दातवाले म्हणत. डॉक्टर नव्हते ते. डॉक्टर मंडळी रोग्याच्या तोंडाचं माप घेत, तो ठसा डब्यात घालून दातवाल्यांकडे पाठवत, आणि पुढचं सगळं दातवाल्यांच्या मागच्या खोलीत होत असे. ठशात प्लॅस्टर ओतून जबडा करायचा, त्यावर मेणाची हिरडी रचायची, हिरडीत एकेक दात बसवायचा, आणि शेवटी मेणाच्या जागी नाकाला झोंबणारं ते गुलाबी मिश्रण भरून उकळायचं. आठ दिवसांनी डबा परत जाई तेव्हा त्यात कवळी असे. अहो, तुम्ही लोकांना हसू परत देता, असं कुणी कौतुकानं म्हणालं तर दातवाले तोंड वाकडं करत. "हसूबिसू काही नाही. अठ्ठावीस दात देतो," एवढंच म्हणत.

या दातवाल्यांना एक लेक. तिची ही गोष्ट. आज ती एक्कावन्न वर्षांची आहे, त्याच खोलीत त्याच टेबलाशी बसून कवळ्या करते, आणि तिच्या हातची कवळी बापाच्या तोडीची असते असं डॉक्टर लोक सांगतात. पण कवळ्यांचं दुखणं तिला कधीच नव्हतं. तिचं दुखणं माणसांच्या डोक्यांचं होतं. मातीची, प्लॅस्टरची डोकी ती करायची. लहानपणापासून करायची, कुणी सांगितलं नव्हतं तरी करायची, आणि बापाला ती कधी आवडली नाहीत.

आवडली नाहीत म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण दातवाले रागावणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी तिची माती फेकली नाही, हात उगारला नाही, ही काय थेरं लावलीस असंही म्हणाले नाहीत. ते फक्त ठिपका लावायचे.

त्या टेबलावर एक लोखंडी जबडा होता, बिजागरीवर उघडमीट करणारा. कवळी त्यात बसवायची, वरच्या-खालच्या दातांमध्ये निळ्या शाईचा पातळ कागद धरायचा आणि जबडा तीनदा वाजवायचा. टक, टक, टक. जो दात उंच राहिला असेल त्याच्यावर निळा ठिपका उमटतो. तिथं घासायचं. पुन्हा कागद, पुन्हा टक टक टक, पुन्हा घासायचं. दातवाले असे दहा-दहा वेळा करत. शेवटी डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "आता कळत नाही." तोंडात कवळी आहे हे समोरच्याला कळत नाही, या अर्थानं. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कधी कुणी ऐकली नाही. शाईच्या त्या कागदामुळे त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम निळं असे.

लेक आठ वर्षांची असताना तिनं वाया गेलेल्या मेणाचा एक म्हातारा केला. नाक, कान, गालाच्या खळग्या, सगळं. तो घेऊन ती बापापुढे उभी राहिली. त्यांनी म्हातारा हातात घेतला, खिडकीकडे वळवला, उलटसुलट पाहिला, आणि निळं बोट त्याच्या हनुवटीवर टेकवलं. ठिपका उठला. म्हातारा तिच्या हातात परत आला आणि दातवाले आपल्या कामाला लागले. पोरगी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

"तुझे बाबा तसेच आहेत गं," आई कांदा चिरता चिरता म्हणाली. "माझ्या भाजीला नुसतं 'मीठ' म्हणतात. जास्त झालं की कमी पडलं, ते आपण ओळखायचं. मी ओळखायचं सोडून दिलं. तूही सोड."

आईला सोडता आलं. पोरीला नाही आलं. आणि हीच सगळी मेख आहे.

सोळाव्या वर्षी ती बापाच्या हाताखाली बसायला लागली. हात चांगला होता. पहिल्या वर्षी तिच्या कवळ्यांवर ठिपके पडत, दुसऱ्या वर्षी कमी झाले, तिसऱ्या वर्षी तिच्या हातची कवळी जबड्यात वाजवून दातवाले "आता कळत नाही" म्हणाले. ती दिवसभर हवेत होती. वाटलं, आता डोक्यांनाही म्हणतील.

एकोणिसाव्या वर्षी तिनं शेजारच्या शिंपीणकाकूंचं डोकं केलं. शिंपीणकाकू हसायला लागल्या की त्यांचं सगळं तोंड एका बाजूला जाई, तसंच तिनं पकडलं. आधी मातीत, मग पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टरमध्ये. चित्रकलेच्या सरांनी ते पाहिलं आणि शाळेच्या सभागृहात भरणाऱ्या प्रदर्शनात मधल्या टेबलावर ठेवलं. पहिलं बक्षीसही मिळालं. लोक येत होते, शिंपीणकाकू स्वतः येऊन स्वतःच्या डोक्याला नाकं मुरडून गेल्या होत्या, आणि दुपारी साडेतीनला दातवाले आले. कामाच्या कपड्यांवर, बाह्यांना प्लॅस्टरची भुकटी लागलेली. बाबा येतील असं तिला वाटलंच नव्हतं. ती शेजारच्या मैत्रिणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "माझे बाबा."

दातवाले टेबलापुढे बराच वेळ उभे राहिले. डोळे बारीक केले. मान इकडे केली, तिकडे केली. सर पुढे झाले, काहीतरी बोलायला लागले. दातवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि भरल्या सभागृहात शिंपीणकाकूंच्या वरच्या ओठावर, डाव्या अंगाला, निळं बोट टेकवलं.

"इथं उंच आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले. सरांनी ओलं फडकं आणून पुसायचा प्रयत्न केला, पण कोरडं प्लॅस्टर शाई पिऊन टाकतं. ठिपका पसरून रुपयाएवढा झाला. शेवटी सरांनीच डोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं. संध्याकाळी तिनं ते चादरीत गुंडाळून घरी आणलं, कपाटावर टाकलं, आणि बापाशेजारी टेबलाशी बसली, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कवळ्या द्यायच्या होत्या. बापलेकीनं त्या पुऱ्या केल्या. एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. दातवाल्यांना बहुधा बोलण्यासारखं काही घडलं आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर बत्तीस वर्षं तिनं आपलं एकही डोकं घराबाहेर नेलं नाही. करायची मात्र सोडली नाहीत. घराच्या मागं अडगळीची खोली होती, तिथं फळ्यांवर ती डोकी साठत गेली. दूधवाला, डॉक्टरीणबाई, पोस्टातला तिरळा कारकून, आई तीन वेळा, स्वतः दोन वेळा. डोकी चाळीसच्या वर झाली. लग्न जमलं नाही बिचारीचं, असं लोक म्हणत. मी जमवलंच नाही, असं ती म्हणे. जेवणं झाली की ती अडगळीत जाई, आणि कधीतरी दुपारी ती नसताना दातवालेही जाऊन येत. ते तिला नंतर कळे. ओल्या मातीवर कुठंतरी निळा ठिपका असे, ती ओल्या फडक्यानं पुसून टाके. ते लावणार, ही पुसणार. का लावलात, असं तिनं कधी विचारलं नाही. का पुसलास, असं त्यांनीही कधी विचारलं नाही. आणि हट्टाची इतकी पक्की, की ठिपका असेल तिथं ती मुद्दाम सुरी लावत नसे. खरोखर चुकलेलं दिसलं तरी लावत नसे.

दातवाले चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. तीन दिवस ताप आला, तेवढंच निमित्त. ते तीन दिवस ती उशाशी बसून होती, आणि खरं सांगायचं तर सेवेसाठी जितकी बसली होती तितकीच एका शब्दासाठीही बसली होती. माणूस जाताना काहीतरी बोलतो असं तिनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि थेट तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. ती खाली वाकली, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"बत्ती मालव," ते म्हणाले.

मेण वितळवायची स्पिरिटची बत्ती. ती खोलीत जाऊन बघून आली. बत्ती विझलेलीच होती. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

दोन महिन्यांनी ग्रंथपाल बाई आल्या. गावच्या वाचनालयात त्या वीस वर्षं बसतात, आणि जिथं तिथं नाक खुपसायची त्यांना सवय. स्वतःच्या कवळीचं काहीतरी टोचत होतं म्हणून आल्या, हात धुवायला मागं गेल्या आणि चुकीचं दार उघडलं. बराच वेळ झाला तरी परत येईनात म्हणून ही बघायला गेली, तर बाई अडगळीत उभ्या, तोंडात कवळी नाही, डोळ्यांत पाणी.

"एवढी माणसं इथं कोंडून ठेवलीस होय गं," त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या.

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत बारा डोकी मांडायची, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं. लेकीनं नाही म्हटलं. बाई चार दिवसांनी पुन्हा आल्या. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं, "अडचण काय आहे तुझी? बाबा तर आता नाहीत." त्यावर ही हो म्हणून बसली. अकरा डोकी निवडली. बारावं नवीन करायचं, बाबांचं, असंही बोलून गेली. ते का बोलली, हे तिला घरी येईपर्यंत उमगलं नव्हतं. चाळीस डोकी केली, पण बापाला तिनं कधी हात लावला नव्हता.

माती मळली, सांगाडा उभा केला, आणि चार दिवसांत दातवाले अडगळीत येऊन बसले. कपाळ, भुवया, वाकडं डावं कानशील, सगळं तिच्या हातात आपोआप आलं. त्यांतले तीन दिवस मात्र एकट्या तोंडाला लागले. ओठ किंचित विलग ठेवले. आता काहीतरी म्हणतील, असे.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं मातीवर झाकलेलं ओलं फडकं उचललं. खालच्या ओठाखाली निळा ठिपका होता.

 ती स्वतःशीच म्हणाली, जुन्या फडक्याला शाई असेल. ठिपका पुसला, फडकं बदललं. दोन दिवसांनी गालावर ठिपका. तिनं निळ्या कागदाची पुस्तिका कपाटात घातली आणि किल्ली कमरेला लावली. काम असेल तेव्हा काढायची, काम झालं की परत कुलूप. तिसरा ठिपका नाकाखाली उठला.

आणि आवाज. मातीत हात असताना, मान खाली असताना, मागून ऐकू यायचं, टक, टक, टक. ती वळायची तेव्हा काही नसायचं. फळ्यांवरची डोकी तेवढी बघत असायची, दूधवाला, कारकून, तिन्ही आया. तिनं टेबलावरचा लोखंडी जबडा सुतळीनं करकचून बांधून टाकला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत असताना, पुन्हा टक टक टक. तिनं हातातली सुरी खाली ठेवली.  भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, पण बाबांवर होता. मेल्यावरसुद्धा ते गप्प बसतील असं तिला वाटेना.

तिनं जेवण टाकलं. काम टाकलं नाही, कारण कवळ्या द्यायच्याच होत्या, पण त्यांतही दोनदा चुका झाल्या आणि डबे परत आले. रविवार जवळ येत होता. शेवटी तिनं ग्रंथपाल बाईंना चिठ्ठी लिहिली, की जमत नाही, क्षमा असावी. चिठ्ठी पाकिटात घालून ती चपला पायात सरकवत होती, तेवढ्यात आईनं विचारलं, "कुठं निघालीस?"

आई एकोणऐंशी वर्षांची. गुडघे गेलेले, कान शाबूत. दिवसभर मधल्या खोलीत खुर्ची टाकून बसते, तिथून अंगण, टेबलाची खोली आणि अडगळ, तिन्ही दिसतात.

"वाचनालयात. नाही म्हणून सांगायला."

"का?"

 लेक एकदम सगळं बोलली. ठिपके, कुलूप, सुतळी, आवाज. बोलता बोलता रडायला लागली. "बाबा जात नाहीत गं आई. ते अजून लावताहेत."

आईनं तिला पुरतं रडू दिलं.

"ते नाही लावत," मग ती म्हणाली. "तू लावतेस."

"काहीतरीच काय बोलतेस."

"काहीतरीच नाही. मी इथं बसून बघते ना. टेबलावरचं काम अर्धं टाकून तशीच उठतेस, हात न धुता. डोक्यापुढे जाऊन उभी राहतेस, डोळे बारीक करतेस, मान इकडं, मान तिकडं. मग बोट लावतेस. मग भानावर आल्यासारखी माती मळायला लागतेस. परवा मी हाक मारली तरी तुला ऐकू आली नाही. आणि दात वाजवतेस. तीनदा. मला आधी वाटलं, दाढ दुखतेय पोरीची."

"मला कळलं नसतं का?"

"तुझ्या बाबांना तरी कुठं कळायचं? जेवताना वाजवायचे. तू पोटात होतीस तेव्हापासून ऐकते आहे मी."

लेकीचा विश्वास बसला नाही. ती तरातरा अडगळीत गेली. कपाटावरून शिंपीणकाकूंचं डोकं खाली काढलं, बत्तीस वर्षांची धूळ बाहीनं पुसली. टेबलावरचं भिंग आणलं. ओठावर रुपयाएवढा डाग होता आणि त्याच्या मध्ये मूळचा ठिपका, गडद. नुसता गुळगुळीत. एक रेघ नाही. दातवाल्यांच्या बोटांवर रेघा उरल्याच नव्हत्या, आयुष्यभर प्लॅस्टर आणि घासकागद हाताळून सगळ्या झिजून गेल्या होत्या. ते स्वतःच सांगत, मी चोरी केली तर पोलिसांना सापडायचो नाही. मग तिनं भिंग बापाच्या मातीच्या नाकाखाली धरलं. या ठिपक्यात रेघा होत्या, एकात एक वळत गेलेल्या, स्वच्छ. तिनं आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट भिंगाखाली धरलं. नखाच्या कडेनं निळं होतं.

ती तिथंच मातीच्या पोत्यावर बसली. भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. भुताला घराबाहेर काढता येतं.

आई भिंतीला धरत धरत आली आणि दारात टेकली. तिनं शिंपीणकाकूंचं डोकं पाहिलं.

"तुला एक सांगू? बिघडलेल्या कामाला ते ठिपका लावत नसत. सरळ बादलीत टाकत. ठिपका लावला म्हणजे काम ठेवण्यासारखं आहे, थोडंच राहिलंय. पोरीचं डोकं बघायला भर कामातून उठून गेले होते त्या दिवशी. निळं बोट तसंच घेऊन गेले, आणि परत येऊन मला म्हणाले, जवळजवळ झालंय."

"मला का नाही म्हणाले?"

आईनं दाराची चौकट दुसऱ्या हातानं धरली.

"तू का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, ते सांगतील."

"मग आता नको सांगूस," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण असा आवाज आईनं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "बत्तीस वर्षं मी एक डोकं बाहेर काढलं नाही. जवळजवळ झालं होतं म्हणे. सगळं गाव हसलं तेव्हा कुठं गेलं होतं ते जवळजवळ? तुझ्या तोंडून मला ते नको आहे आई. त्यांच्याकडून हवं होतं."

"हो," आई म्हणाली. "मलाही पुष्कळ काय काय हवं होतं. तोंडभर दात करून दिले, एक गोड शब्द नाही दिला." आणि ती भिंतीला धरत परत गेली.

 लेकीनं घासकागद घेतला आणि शिंपीणकाकूंचं डोकं मांडीवर घेतलं. कधी नव्हे ते ठिपक्याच्या जागी हात लावला. सावकाश घासत गेली. पांढरी भुकटी उडाली, निळं फिकट झालं, पण शाई खोल मुरली होती, म्हणून आणखी घासावं लागलं. निळं संपलं तेव्हा तिनं डोकं दूर धरून पाहिलं. ओठ बसला होता. शिंपीणकाकू आता खरोखर हसत होत्या. आधी त्या हसण्याचं सोंग करत होत्या, आणि बत्तीस वर्षं हे एका माणसाला सोडून कुणालाच दिसलं नव्हतं. तिला इतका राग आला, की डोकं आपटून फोडावं असं वाटलं. बरोबर होते ते. बरोबर होते, आणि तरीही त्यांनी तसं करायला नको होतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या आणि तिला कुठलीच एक टाकून देता येईना.

चिठ्ठी तिनं फाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडं टाकून, सगळा उजेड आत घेऊन, ती बापापुढे बसली. या वेळी बोट शुद्धीवर राहून निळं केलं. डोळे बारीक केले. मान इकडे, मान तिकडे. पाच ठिपके लावले, जिथं त्यांनी लावले असते तिथं. मग सुरी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलायला लागली, मोठ्यानं, आईला मधल्या खोलीत ऐकू जाईल असं.

"नाकाखाली. बरोबर आहे तुमचं, लांबी जास्त झाली," ती म्हणाली आणि घासलं.

"गाल. हाही बरोबर. तुमचे गाल मी भरून काढले, तुम्ही शेवटी किती वाळला होतात ते मला बघवत नव्हतं." गाल तासला.

"कान. असेल. कानाचं मला काही नाही."

चौथा ठिपका भुवयांच्या मध्ये होता, तिथल्या उभ्या आठीवर. तिच्या प्रत्येक कामाकडे बघताना पडायची ती आठी. ती सुरी घेऊन थांबली.

"नाही," ती म्हणाली. "ही मी काढणार नाही. तुम्हाला दिसत नव्हती, मला दिसायची. राहील ती." आणि तिनं ओलं फडकं घेऊन तो ठिपका पुसून टाकला.

पाचवा खालच्या ओठाखाली होता. अगदी पहिला ठिपका उमटला होता तिथंच. या ठिपक्यापुढे तिची बोलती बंद झाली. ओठ विलग होते. कुठल्याही दातवाल्यानं सांगितलं असतं, की हे तोंड मिटत नाही, हा जबडा बसलेला नाही. तिनं तीन दिवस खपून ते तसं केलं होतं. आठ वर्षांची असल्यापासून त्या तोंडाकडे बघत होती ती, आणि थेट तिच्याकडे बघून ते तोंड असं उघडलेलं तिनं एकदाच पाहिलं होतं, बत्ती मालव म्हणताना. बाकी हे मातीतलं सगळं तिच्या मनचं होतं. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून तिनं मेलेल्या माणसाचं तोंड उघडं धरून ठेवलं होतं.

तिनं सुरी ठेवली. अंगठा पाण्यात बुडवला, खालच्या ओठाखाली ठिपक्यावर टेकवला आणि हळूहळू वर दाबत गेली. माती ओली होती, सहज सरकली. ओठ ओठाला लागला. तोंड मिटलं.

समोर दातवाले होते. अगदी तेच, रोज टेबलाशी बसत तसे. मधल्या खोलीतून आई म्हणाली, "काय झालं गं? बोलायची का थांबलीस?"

"झालं बोलून," ती म्हणाली. मग ओंजळीत तोंड घालून ती रडली. बाप गेला त्या दिवशी तिला रडायला आलं नव्हतं.

पहिल्या रविवारी वाचनालयाच्या खोलीत बारा डोकी मांडली गेली; आधी निवडलेल्यांतलं एक काढून त्या जागी शिंपीणकाकू ठेवल्या होत्या. माती वाळायला वेळ नव्हता, म्हणून दातवाले तसेच ओलसर ठेवले होते. बरेच लोक आले. शिंपीणकाकूंचा मुलगा आईच्या डोक्यापुढे उभा राहून हसला, आणि मग चष्मा काढून पुसायला लागला. ग्रंथपाल बाई प्रत्येकाला दारापासून हात धरून आत आणत होत्या, नको म्हणणाऱ्यालाही.

आईला खुर्चीत बसवून आणलं होतं. ती नवऱ्यापुढे बसली, खूप वेळ बघत राहिली.

"हेच," शेवटी म्हणाली. "असेच बसायचे." मग लेकीकडे वळून, "आता काही म्हणणार नाहीत वाटतं."

"नाही," लेक म्हणाली. "म्हणणार नव्हतेच ते, आई. मीच वाट बघत होते."